एका जिवामागे किती रुपये?

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत इचलकरंजीतले आमचे यंत्रमाग थांबले, परराज्यातले कामगार गावी निघून गेले आणि घडी परत बसायला फार वेळ लागला. साथीत काहीच केलं नसतं तर माणसं मेली असती, हे मला मान्य आहे. पण टाळेबंदीने किती माणसं वाचली आणि त्यापायी देशाचे किती पैसे गेले, याचा रोकडा हिशोब मांडता येतो का? एका जिवामागे किती रुपये पडले?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. पण जीव आणि पैसा एका ओळीत लिहिले तर लोक आपल्याला निर्दयी म्हणतील, या धास्तीने कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलात, बरं केलंत. आधी तुम्ही म्हणता तो भागाकार करून टाकू आणि मग त्यात खोट कुठे आहे ते पाहू.

वाचलेल्या जिवांचा आकडा सरकारी घेऊ. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने एक अंदाज जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी तोच संसदेत सांगितला. टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख लोकांची लागण आणि ३७ ते ७८ हजार मृत्यू टळले, असा तो अंदाज होता.

नुकसानीचा आकडाही सरकारीच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन स्थिर किमतींत ३५.६६ लाख कोटी रुपये होतं. २०२० च्या त्याच तिमाहीत ते २६.९५ लाख कोटींवर आलं. म्हणजे खड्डा ८.७१ लाख कोटींचा.

आता भागाकार. ७८ हजार जीव धरले तर एका जिवामागे सुमारे ११ कोटी रुपये पडतात, ३७ हजार धरले तर साडेतेवीस कोटी.

हे महाग की स्वस्त? अमेरिकेत रस्ते सुरक्षा किंवा हवेच्या प्रदूषणाचे नियम करताना सरकारी खाती एक जीव वाचवण्याचं मोल साधारण एक कोटी डॉलर धरतात. २०२० च्या दराने हे ७५ कोटी रुपये झाले. पण तिथलं दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे तीसपट होतं. त्या मानाने मोजलं तर आपल्याकडचा आकडा अडीच कोटींच्या घरात येतो. म्हणजे या भागाकाराप्रमाणे टाळेबंदी चौपट ते नऊपट महाग पडली.

काम संपलं असं वाटेल, पण नाही. भागाकारातला वरचा, नुकसानीचा आकडा कच्चा आहे आणि खालचा, जिवांचाही. ज्यांना टाळेबंदी मुळातच चूक वाटते ते हा भागाकार पुढे करतात. ज्यांना ती पूर्ण बरोबर वाटते ते तो पाहायलाच तयार नसतात. दोन्ही बाजूंनी वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा तपासायला हवा.

प्रश्न : पण उत्पादन घटलं ते टाळेबंदीमुळेच ना? मग वरचा आकडा कच्चा कसा?

उत्तर : कारण नुकसान दोघांनी मिळून केलेलं असतं, सरकारी हुकमाने आणि लोकांच्या मनातल्या भीतीने. हुकूम निघाला नसता तरी एप्रिल २०२० मध्ये किती जण थिएटरात गेले असते, लग्नाचं कार्यालय कोणी घेतलं असतं, कापडाच्या परदेशी मागण्या किती टिकल्या असत्या?

हे दोन भाग वेगळे करायचा एक चांगला प्रयत्न शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी केला. अमेरिकेत एकाच वस्तीतून जिल्ह्याची हद्द जाते आणि हद्दीच्या एका बाजूला बंदी असते, दुसऱ्या बाजूला नसते, अशी ठिकाणं त्यांनी निवडली. मोबाइलच्या नोंदींवरून दोन्हीकडच्या दुकानांत किती माणसं आली ते मोजलं. एकूण वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती. त्यातली फक्त ७ टक्क्यांची घट बंदीच्या हुकमाने झाली होती. बाकी लोक आपणहून घरी बसले होते.

डेन्मार्क आणि स्वीडन यांची तुलनाही तेच सांगते. डेन्मार्कने दुकानं बंद केली, स्वीडनने बहुतांश उघडी ठेवली. एका मोठ्या बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार तपासल्यावर दिसलं की साथीच्या सुरुवातीला डेन्मार्कमधला खर्च २९ टक्क्यांनी घटला आणि स्वीडनमधला २५ टक्क्यांनी. फरक चार टक्क्यांचा.

मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली, ती चार तासांनी लागू झाली. त्या दिवशी देशभरात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. जगभरातल्या निर्बंधांची कडकता मोजणारा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा एक निर्देशांक आहे. त्यात भारताला १०० पैकी १०० गुण मिळाले. रोग जवळपास कुठेच नव्हता अशा जिल्ह्यांतही कारखाने, एसटी, रेल्वे, आठवडी बाजार, सगळं एकदम थांबलं. हे भीतीने झालं नाही, हुकमाने झालं. अमेरिकेत हुकमाचा वाटा थोडा होता, आपल्याकडे तो बराच मोठा होता. ८.७१ लाख कोटींतला सगळा खड्डा टाळेबंदीने पाडला नाही, पण मोठा भाग तिचाच, असं म्हणायला जागा आहे. त्याचा एक पुरावा दुसऱ्या लाटेत सापडतो. त्याकडे पुढे येऊ.

वरच्या आकड्याला आणखी एक दुरुस्ती हवी. बुडालेलं सगळंच कायमचं बुडत नाही. जुलैनंतर बरीच कामं पुन्हा सुरू झाली. २०२०-२१ या पूर्ण वर्षाची घट आधी ७.३ टक्के सांगितली गेली होती, पुढच्या सुधारित आकड्यांत ती ५.८ टक्क्यांपर्यंत खाली आली. उलट काही नुकसान सकल उत्पादनात दिसतच नाही. शालेय शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.३ टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता. २०२२ मध्ये ते प्रमाण २०.५ टक्के झालं. ही मुलं मजुरी मिळवायला लागतील तेव्हा हा तोटा पैशांत दिसेल. क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होत्या, २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. क्षयरोग कमी झाला म्हणून नव्हे, तर रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत म्हणून.

जमेच्या बाजूलाही असं एक न मोजलेलं काही आहे. रस्ते अपघातांत २०१९ मध्ये देशात १ लाख ५१ हजार माणसं मेली होती, २०२० मध्ये १ लाख ३२ हजार. गाड्याच थांबल्या तेव्हा सुमारे १९ हजार माणसं वाचली. टाळेबंदीच्या हिशोबात ती कोणी धरत नाही.

प्रश्न : आणि खालचा आकडा? जीव वाचले ते वाचले, त्यात काय कच्चं?

उत्तर : ‘वाचले’ आणि ‘लांबणीवर पडले’ यांत फरक आहे. टाळेबंदीने विषाणू मरत नाही, त्याचा वेग मंदावतो. आपल्याला उसंत मिळते. त्या उसंतीत इस्पितळं सज्ज झाली, उपचार सुधारले किंवा लस आली तर पुढे ढकललेला मृत्यू खरोखर टळतो. नाहीतर तोच माणूस चार महिन्यांनी त्याच रोगाने जातो.

न्यूझीलंडने हे गणित पूर्ण जमवलं. समुद्राने वेढलेला, जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश. मार्च २०२० मध्ये काही आठवड्यांची कडक बंदी लावली, सीमा बंद केल्या आणि लस बहुतेकांना मिळाल्यावरच दारं उघडली. तिथे वाचलेला जीव खरोखर वाचला.

आपलं काय झालं? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना आणि इमारतींमधल्या १६ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचं आढळलं. टाळेबंदीने इमारतीतल्या माणसाला आडोसा दिला. दहा बाय दहाच्या खोलीत सात जण आणि नळ, संडास सामाईक अशा वस्तीत अंतर राखायचा हुकूम पाळणार कसा? पुढच्या वर्षी जून-जुलैमध्ये आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. तोवर लशीचे दोन्ही डोस फार थोड्यांना मिळाले होते. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, १८ वर्षांवरच्या सर्वांसाठी ते खुलं झालं १ मे २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात असताना. म्हणजे बहुतेकांना रोगाने लसीआधी गाठलं.

तरी सगळी उसंत वाया गेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. मार्च २०२० मध्ये देशात पीपीई किट जवळपास बनतच नव्हते, मेमध्ये दिवसाला लाखांच्या संख्येने बनू लागले. चाचणीच्या प्रयोगशाळा वाढल्या. मधल्या काळात डॉक्टरांना ऑक्सिजन आणि स्टेरॉइड कधी द्यावं हे कळलं. जूनऐवजी एप्रिलमध्ये आजारी पडणाऱ्याची अवस्था जास्त वाईट झाली असती. पण २०२० च्या उत्तरार्धात ऑक्सिजनचा साठा आणि लशीच्या मागण्या या दोन गोष्टींत जी ढिलाई राहिली, तिने आधीच्या उसंतीची किंमत कमी केली.

प्रश्न : जिवाची अशी किंमत करणं मुळातच अमानुष नाही का? (दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न)

उत्तर : किंमत न करण्याची सोय आपल्याला नाही. घाटात कठडा बांधायचा की नाही, लशीच्या यादीत नवी लस घ्यायची की नाही, हे ठरवताना कोणीतरी मनात आकडा धरतोच. इंग्लंडमध्ये नवं औषध सरकारी खर्चाने द्यायचं का, हे ठरवणारी संस्था निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा अनेक वर्षं पाळत आली. आपल्याकडेही मोटार अपघाताच्या दाव्यांत न्यायालय मृताच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात हा तक्ता घालून दिला. विशीच्या आसपासच्या माणसासाठी १८, सत्तरीच्या आसपासच्या माणसासाठी ५.

अमानुषपणा मोजण्यात नाही, मोजणीत एखाद्याला वगळण्यात आहे. उत्पन्नावर जीव मोजला तर हमालाचा जीव अधिकाऱ्याच्या जिवापेक्षा स्वस्त ठरतो. देशाच्या एकूण उत्पादनावर नुकसान मोजलं तरी हमालाचा तोटा दिसतच नाही, कारण त्याची कमाई एकूण आकड्यात किरकोळ असते. म्हणून ८.७१ लाख कोटी हा आकडा ऐकल्यावर लगेच विचारायला हवं की ते कोणाच्या खिशातून गेले.

सीएमआयई या संस्थेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२० या एका महिन्यात १२.२ कोटी लोकांचं काम गेलं. त्यातले सुमारे ९.१ कोटी फेरीवाले, छोटे व्यापारी आणि रोजंदारीवरचे मजूर होते. पगारदारांपैकी पुष्कळांचा पगार चालू राहिला आणि बाहेर खर्च न झाल्याने शिल्लकही वाढली. परराज्यांत अडकलेल्या मजुरांसाठी श्रमिक रेल्वे सुरू झाल्या १ मे रोजी, म्हणजे टाळेबंदीनंतर पाच आठवड्यांनी. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाणारी गाडी पकडायला ते भुसावळकडे चालत निघाले होते. ते ना कोविडच्या बळींत मोजले गेले, ना आर्थिक नुकसानीत.

मदत झाली नाही असं नाही. ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य जास्तीचं मिळालं आणि त्याने मोठा आधार दिला. मनरेगा या ग्रामीण रोजगार योजनेवर २०२०-२१ मध्ये विक्रमी ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. पण रोख रकमेत हात आखडता राहिला. जनधन खातं असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराकडे ना गावचं रेशनकार्ड होतं, ना जवळपास मनरेगा.

येल विद्यापीठातले मुश्फिक मुबारक आणि झॅकरी बार्नेट-हॉवेल यांनी २०२० च्या सुरुवातीलाच एक इशारा दिला होता. श्रीमंत देशात म्हातारी माणसं जास्त आणि इस्पितळंही जास्त, म्हणून तिथे टाळेबंदीचा फायदा मोठा. गरीब देशात लोकसंख्या तरुण, अतिदक्षता विभाग मुळातच थोडे, म्हणून रोगाचा वेग मंद करून वाचणारे जीव कमी. पण रोजची कमाई बुडाली तर जेवण बुडणाऱ्यांची संख्या मोठी. एकच औषध दोघांना एकाच मात्रेत चालत नाही.

प्रश्न : मग स्वीडनसारखं काहीच बंद न करता चाललं नसतं का?

उत्तर : स्वीडनने काहीच बंद केलं नव्हतं, ही समजूत चुकीची आहे. नववीपर्यंतच्या शाळा चालू राहिल्या, पण त्यापुढचे वर्ग आणि विद्यापीठं घरून भरली. गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी होती. भर सक्तीवर कमी आणि सल्ल्यावर जास्त होता.

निकाल दुहेरी लागला. २०२० अखेर स्वीडनमध्ये ९ हजारांच्या आसपास लोक कोविडने मेले होते, नॉर्वेत पाचशेच्या आत. स्वीडनची लोकसंख्या नॉर्वेच्या साधारण दुप्पट आहे, वीसपट नव्हे. वृद्धाश्रमांत विशेष हानी झाली. पैशाच्या बाजूनेही फार वाचलं नाही. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत स्वीडनची अर्थव्यवस्था सुमारे ८ टक्क्यांनी आक्रसली, शेजारच्या फिनलंडची त्याहून कमी. मात्र २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं धरून नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजले, तर स्वीडन युरोपात सर्वांत कमी मृत्यूंच्या देशांत बसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाने निर्वाळा दिला की सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देण्याचं धोरण मुळात योग्य होतं, पण सुरुवातीला आणखी पावलं आणि ती लवकर उचलायला हवी होती.

पण स्वीडनच्या सल्ल्यामागे पैसा उभा होता. आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापण्याची तिथली पद्धत सरकारने साथीत थांबवली. ‘बरं वाटत नसेल तर घरी राहा’ हे सांगणं त्यामुळे खरं ठरलं. आपल्याकडे दहातले जवळपास नऊ जण असंघटित कामांत. त्यांना घरी राहायचा सल्ला द्यायचा तर आधी त्यांच्या हातात दिवसाची मजुरी ठेवावी लागते.

प्रश्न : शेवटी निकाल काय? टाळेबंदी बरोबर की चूक?

उत्तर : यासाठी आपल्याच देशातली दुसरी लाट पाहा. एप्रिल ते जून २०२१ मध्ये रोग पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी भयंकर होता, मेच्या सुरुवातीला दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. तरी देशव्यापी टाळेबंदी लागली नाही, निर्बंध राज्यांनी लावले. महाराष्ट्रात १४ एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’ची कडक संचारबंदी होती. पण कामगारांच्या राहण्याची सोय जागेवरच असेल तर बांधकाम आणि कारखाने चालवायला मुभा होती. सोबत ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली. नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये, शिवभोजन थाळी मोफत.

त्या तिमाहीत देशाचं उत्पादन ३२.३८ लाख कोटी रुपये झालं, म्हणजे २०१९ पेक्षा ३.२८ लाख कोटींनी कमी. पहिल्या टाळेबंदीच्या खड्ड्याच्या चाळीस टक्केसुद्धा नाही. तोवर लोक मास्कला सरावले होते, उद्योगांनी वाटा शोधल्या होत्या, हेही खरं. पण भीती पहिल्यापेक्षा मोठी असताना नुकसान निम्म्याहून कमी झालं, यावरून पहिल्या वेळी हुकमाच्या सरसकटपणाने किती बुडालं याचा अंदाज येतो.

म्हणून माझं मत असं. मार्च २०२० मध्ये विषाणूबद्दल फार थोडं ठाऊक होतं आणि इस्पितळं सज्ज नव्हती. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पहिले दोन-तीन आठवडे सगळं थांबवणं समर्थनीय होतं. तोच हुकूम चार तासांच्या सूचनेने साऱ्या देशाला लावणं, रोग नसलेल्या तालुक्यांतही तो कित्येक आठवडे ओढणं आणि मजुरांची सोय पाच आठवड्यांनी करणं समर्थनीय नव्हतं. मुलांच्या शाळा वर्षभराहून अधिक बंद ठेवणं तर सर्वांत महाग पडलं. एका जिवामागे ११ कोटी हा आकडा कुठेही छापू नका, तो टिकणार नाही. पण कमी खर्चात तेवढेच जीव वाचवता आले असते, हे मात्र टिकतं.

तुमच्यासारख्या कारखानदारांसाठी यात एक काम आहे. २०२१ मधले १,५०० रुपये ज्यांची नोंद होती त्यांनाच मिळाले, ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याला ती मदत पोचण्याचा मार्गच नव्हता. असंघटित कामगारांसाठी केंद्राचं ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे. आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाइल एवढ्यावर नोंदणी होते आणि ती मोफत आहे. तुमच्या मागांवरच्या प्रत्येक कामगाराचं, परप्रांतीयांसकट, नाव तिथे आहे का ते तपासा आणि नसेल तर याच आठवड्यात घाला.